जुन्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालंय? बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी हे वाचा



आज फवारणीचं किंवा खताचं काही नाही. आज गाडीबद्दल. उन्हाळ कांद्याची आवक वाढलीय आणि संकलन केंद्रावर जुन्या ४०७ ची रांग लागायला लागलीय. या गाड्या आत येताना बघितल्या की एक गोष्ट सारखी दिसते. रस्ता सरळ असतो, पण चालवणाऱ्याचे हात सरळ नसतात. स्टिअरिंग सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच."

शिवारातल्या रस्त्यावर वीसच्या वेगात कदाचित चालेलही. गाडी भरकटली तर बांधावर चढेल. पण तीच गाडी कांदा भरून वाशीला निघाली, कसारा घाट उतरायला लागली आणि पुढच्या चाकाला धरून ठेवणारा सांधा तिथं निखळला, तर स्टिअरिंग हातात राहतं आणि चाक त्याला वाटेल तिकडे वळतं. तेव्हा ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी सरळ थांबत नाही.

हा सांधा एका दिवसात निखळत नाही. तो आधी कित्येक महिने सांगत असतो. ते ऐकायचं कसं, घरच्या घरी काय बदलता येतं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं आज सांगतो. मी मेकॅनिक नाही. डिप्लोमाला अवजारं आणि यंत्रं हा विषय होता, आणि ट्रॅक्टर असो की ४०७, पुढच्या एक्सलचं तत्त्व एकच आहे. तरी खालचं सगळं आपल्या केंद्रावरच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडून तपासून घेतलंय. मेसेज मोठा आहे. स्टार करून ठेवा आणि गाडीखाली जायच्या दिवशी परत काढा.

एक खुलासा आधीच करतो. हे पुढे सरळ लोखंडी एक्सल आणि पाटे असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. कार किंवा नव्या पिकअपची रचना वेगळी असते, तिथं हे जसंच्या तसं लावू नका.

*गाडी वळते कशी*

तुम्ही स्टिअरिंग फिरवता, त्याची दांडी खाली स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते. बॉक्समधून एक जाड लोखंडी हात खाली लोंबलेला दिसेल, तो ड्रॉप आर्म. त्याला एक लांब दांडी जोडलेली असते, ती ड्रॅग लिंक. ही ड्रॅग लिंक ड्रायव्हरच्या बाजूचं चाक वळवते. म्हणजे तुमच्या हातानं थेट एकच चाक वळतं. दुसऱ्या चाकाला सोबत न्यायचं काम एक्सलला समांतर असलेली आडवी दांडी करते, तो टाय रॉड.

ड्रॅग लिंकची दोन टोकं आणि टाय रॉडची दोन टोकं, अशा चार ठिकाणी बॉल जॉइंट असतात. माणसाच्या खुब्यात जसा वाटीत गोळा बसलेला असतो, तसाच हा. गोळ्यामागे स्प्रिंग, वाटीत ग्रीस, वरून रबराची टोपी. टोपी शाबूत असेल आणि ग्रीस वेळेवर जात असेल तर हा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. टोपी फाटली की पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, आणि पाण्यासोबत आलेली बारीक माती पॉलिश पेपरसारखी काम करते. गोळा अंडाकृती होतो, वाटीचं तोंड मोठं होतं. एक दिवस मोठ्या खड्ड्यात गोळा वाटीतून बाहेर येतो.

टाय रॉडचं टोक निखळलं तर एक चाक तुमचं ऐकतं, दुसरं मोकाट. ड्रॅग लिंकचं निखळलं तर दोन्हीपैकी एकही ऐकत नाही.

यापलीकडे प्रत्येक चाकामागे एक उभा किंगपिन असतो. चाक त्याच्याभोवती वळतं. त्याचे बुश झिजले की चाक वर-खाली डुगडुगतं.

*प्ले किती आहे ते मोजा, अंदाज करू नका*

चाकं सरळ करून गाडी सपाट जागी उभी करा. डॅशबोर्डवर एक काडी अशी बांधा की तिचं टोक स्टिअरिंगच्या कडेजवळ येईल. आता एका बोटानं स्टिअरिंग डावीकडे न्या, पुढचं चाक हलायला सुरुवात होईल तिथं थांबा, कडेवर खडूनं खूण करा. मग उजवीकडे तसंच. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा प्ले. चाक हललं की नाही हे बघायला बाहेर एक माणूस ठेवा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर ही मोजणी इंजिन चालू ठेवून करायची, आणि तेव्हा गाडीखाली कुणीही नको.

कायदा काय म्हणतो तेही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगचा आहे. स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, सगळ्या बॉल जॉइंटवर रबराच्या टोप्या असाव्यात, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ३० अंश म्हणजे घड्याळात बारावरून एकवर. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगला कडेवर हे साधारण १२ सेंटीमीटर भरतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, तेव्हा हे तपासलं जाणारच आहे.

पण १२ सेंटीमीटर ही कायद्याची शेवटची हद्द झाली. तिथं पोचेपर्यंत थांबणं म्हणजे पीक पूर्ण पिवळं पडल्यावर सल्ला विचारणं. माझं मत, प्ले चार बोटांच्या वर गेला की शोधायला लागा. आणि प्ले कितीही कमी असो, एखाद्या सांध्याची टोपी फाटलेली दिसली तर तो सांधा संशयित धरा.

*प्ले कुठं आहे ते शोधणं, हेच खरं काम*

इथं बहुतेकांची गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. प्ले आला की पहिला पाना जातो स्टिअरिंग बॉक्सवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूवर. कारण तो वरून दिसतो, हात पोचतो, गाडी उचलावी लागत नाही. अर्धा फेरा आवळला की स्टिअरिंग घट्ट वाटतं आणि काम झालं असं वाटतं.

झालेलं काहीच नसतं. सैल सांधा तसाच सैल असतो, फक्त बॉक्स विनाकारण आवळला जातो. बॉक्समधले दाते मधोमध जास्त झिजलेले असतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मधला फट काढण्याइतका स्क्रू आवळला की वळणावर, जिथं दाते झिजलेले नाहीत, तिथं ते एकमेकांत रुततात. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. घाटात हे अजून वाईट. आपल्याच एका सभासदाच्या गाडीचा बॉक्स असा दोनदा आवळून झाला होता. प्ले निघाला ड्रॅग लिंकच्या मागच्या टोकात. एक जॉइंट बदलायचा होता, शेवटी जॉइंटही बदलला आणि बॉक्सही खोलावा लागला.

म्हणून क्रम असा ठेवा: टायरची हवा आणि नट, मग बॉल जॉइंट, मग बॉक्स चासीला धरणारे बोल्ट, मग किंगपिन आणि बेअरिंग. बॉक्सचं अंतरंग सगळ्यात शेवटी, आणि तेही मिस्त्रीच्या हातानं.

हवेचं आधी का? दोन्ही पुढच्या टायरमध्ये हवा कमी-जास्त असेल तर गाडी एका बाजूला ओढते आणि आपण स्टिअरिंगला दोष देत बसतो. व्हील नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट सैल असले तरी गाडी तशीच भरकटते. पाच मिनिटांचं काम आहे.

आता शोधायची पद्धत. हिला दोन माणसं, एक टॉर्च आणि एक चिंधी एवढंच लागतं. गाडी चाकांवरच उभी, जॅक नाही. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड. घरातलं कुणीतरी, मुलगा असो की मुलगी, वर केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे-थोडं उजवीकडे हलवेल. मोठं नाही, प्ले असेल तेवढंच, सावकाश आणि सारखं. पॉवर स्टिअरिंग असलं तरी एवढं हलवायला इंजिन लागत नाही, फक्त हाताला जड जातं.

तुम्ही चाकाच्या बाजूनं वाकून बघा. सांधे चिंधीनं पुसून घ्या म्हणजे हालचाल दिसेल. आधी ड्रॉप आर्मकडे बघा. तुमची दांडी हलल्याबरोबर तो हलतोय का? हलत असेल तर बॉक्स ठीक आहे, प्ले पुढे कुठेतरी आहे. मग ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंकच्या सांध्यावर असा हात ठेवा की अंगठा एका भागावर आणि बोटं दुसऱ्या भागावर येतील. दोन्ही भाग एकत्र हलले तर सांधा चांगला. एक हलला, दुसरा थांबला आणि मग टक् करून निघाला, तर चोर सापडला. डोळ्याला न दिसणारी हालचाल हाताला कळते. असंच ड्रॅग लिंकच्या दुसऱ्या टोकाला, मग टाय रॉडच्या दोन्ही टोकांना. बोटं सांध्याच्या फटीत घालू नका, वरून धरा.

ड्रॉप आर्म उशिरा हलत असेल तर लगेच बॉक्सला दोष देऊ नका. आधी अख्खा बॉक्सच चासीवर हलतोय का ते बघा. त्याचे बोल्ट सैल झालेले असतात, आणि जुन्या गाडीत बोल्टच्या भोकांजवळ चासीला तडाही गेलेला असतो. बोल्ट आवळणं घरचं काम. तडा असेल तर गाडी तिथंच उभी करा.

सांधा सरळ वर-खाली दाबूनही बघा. हाताच्या जोरानं गोळा वाटीत खाली-वर खेळत असेल तर तो बदलायचाच, प्ले कमी असला तरी.

*चाक उचलून बघायची परीक्षा*

इथून पुढे जॅक लागतो, म्हणून आधी हे ऐका. काळ्या मातीत, शेडच्या कच्च्या जमिनीत जॅक रुततो आणि कलतो. खाली जाड फळी टाका, नाहीतर गाडी काँक्रीटवर न्या. जॅक एक्सलखाली, पाट्याच्या जवळ. उचलल्यावर एक्सलखाली लोखंडी स्टँड. विटा आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक अजिबात नको, ते वाकत नाहीत, अचानक फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. गाडी रिकामी हवी हे वेगळं सांगायला नको.

उचललेलं चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आत-बाहेर हलवा. डुगडुगलं तर दोष दोनपैकी एक: चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. वर बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. डुगडुग थांबली तर बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंगपिनचे बुश गेलेत. नंतर चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथं हललं आणि बारा-सहाला नाही हललं, तर बोट टाय रॉडकडे किंवा ड्रॅग लिंककडे.

*घरी काय करायचं, काय नाही*

टाय रॉडची आणि ड्रॅग लिंकची टोकं बदलणं, बॉक्सचे बाहेरचे बोल्ट आवळणं, ग्रीस भरणं, एवढं नीट हत्यारं असलेल्या माणसानं घरी करावं. किंगपिन घरी नको. जुना बुश दाबून काढावा लागतो, नवा बसवून रीमरनं मापात आणावा लागतो, तो गॅरेजचाच उद्योग आहे. ड्रॉप आर्म बॉक्सवरून उपसणं आणि बॉक्स खोलणंही नको.

आणि एक गोष्ट कुणाकडूनच करून घ्यायची नाही. सैल जॉइंटला वेल्डिंगचा टाका मारणं, वाकलेला टाय रॉड गॅसवर तापवून सरळ करणं. हे भाग विशिष्ट पोलादाचे असतात आणि त्यांना ठरावीक उष्णता देऊन मजबूत केलेलं असतं. गॅसच्या ज्योतीनं ती मजबुती जाते. दिसायला तसाच, आतून ठिसूळ किंवा मऊ. वाकलेली दांडी म्हणजे भंगार. "चालतंय हो, आम्ही नेहमी करतो" असं सांगणारा गाडीसोबत घाटात येत नसतो.

*टाय रॉड एंड बदलायची रीत*

आदल्या संध्याकाळी सांध्याचा नट आणि पाइपवरचा क्लॅम्प तारेच्या ब्रशनं घासा, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर मुरू द्या.

सकाळी चाक उचलून, स्टँड लावून, चाक काढा. सुट्टं करायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घ्या. मग टाय रॉडच्या एका सांध्याच्या मध्यापासून दुसऱ्या सांध्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवा. मिलिमीटरपर्यंत. हे माप हरवलं तर नंतरचं सगळं अंदाजपंचे.

नटाच्या खाचांमधून गेलेली स्प्लिट पिन काढा, ती आता फेकायची. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकलेला राहू द्या. सांध्याचा दांडा खाली निमुळता असतो आणि तो आर्मच्या निमुळत्या भोकात पाचरीसारखा रुतून बसलेला असतो. पाचर ओढून निघत नाही. पुलर असेल तर तो लावा. नसेल तर दोन हातोडे घ्या. एक आर्मच्या डोळ्याला एका बाजूनं टेकवून धरा आणि दुसऱ्यानं समोरच्या बाजूनं डोळ्यावर ठोका. दांड्यावर नाही, आर्मच्या डोळ्यावर. चार-सहा दणक्यांत भोक क्षणभर दबतं आणि दांडा "टक्" करून सुटतो. नट ठेवलाय म्हणून दांडी तुमच्या तोंडावर पडत नाही. दांड्याच्या आट्यांवर खालून ठोकायची सवय असेल तर सोडा, आटे चेपले की नटही निघत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, पत्र्याचे कण उडतात.

आता क्लॅम्प सैल करून जुनं टोक पाइपमधून फिरवून काढा. किती फेऱ्यांत निघालं ते मोजा. एक ध्यानात ठेवा, टाय रॉडच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे असतात. जोर लावून निघत नसेल तर तुम्ही त्याला आवळत तर नाही ना, ते बघा.

दुकानात जुनं टोक सोबत न्या. दांड्याची निमुळती जाडी, आट्यांची दिशा, लांबी, सगळं शेजारी धरून जुळवा. दिसायला सारखं पण दांडा जरा बारीक असेल, तर तो भोकात खोल जातो आणि नट आवळूनही डुलत राहतो. पक्कं बिल घ्या. कंपनीच्या पॅकिंगची हुबेहूब नक्कल बाजारात फिरते, म्हणून ओळखीचं दुकान बरं. एका बाजूचं टोक इतकं झिजलं असेल तर दुसऱ्या बाजूचंही फार मागे नसतं, त्यामुळे टाय रॉडची जोडी एकदम बदलावी.

नवं टोक तेवढ्याच फेऱ्यांनी आत घाला. दोन्ही टोकं पाइपमध्ये सारखी आत गेलेली हवीत, आणि पाइपला जी चीर असते तिच्या पुढेपर्यंत आटे पोचलेले हवेत. मध्यापासून मध्यापर्यंतचं माप परत घ्या आणि लिहिलेल्या मापाशी जुळवा.

निमुळता दांडा आणि आर्मचं भोक कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा. इथं ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. ही पाचर कोरडीच धरते. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं आवळा. टॉर्क पाना नसेल तर हे शेवटचं आवळणं गॅरेजमधून करून घ्या, अंदाजावर सोडू नका. पिनेचं भोक नटाच्या खाचेशी जुळलं नाही, तर नट अजून थोडा आवळून जुळवा. सैल करून जुळवायचा नाही, कधीच. मग नवी स्प्लिट पिन, दोन्ही पाय पसरून वाकवलेली. तार, खिळा, वेल्डिंगची कांडी असलं काही पिनेच्या जागी बघितलंय म्हणून सांगतो. पिन दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

दोन्ही टोकं एकाच पातळीत येतील असं बघून क्लॅम्पचे बोल्ट आवळा. ग्रीस निप्पल पुसून ग्रीस गननं टोपी किंचित फुगेपर्यंत ग्रीस द्या. फाटेपर्यंत नाही. चाक बसवून, हवेतच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा. ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, दांडी कुठं घासत नाही ना, बघा.

ड्रॅग लिंकचं टोक बदलताना रीत हीच, फक्त तिथं फेऱ्या चुकल्या तर चाकं सरळ असताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. ते स्टिअरिंग काढून सरळ बसवणं हा उपाय नाही. चाकं सरळ असताना बॉक्स मधोमधच असला पाहिजे, नाहीतर एका बाजूला वळण कमी पडतं. दुरुस्ती ड्रॅग लिंकच्या लांबीतच करायची.

*टो-इन सुतळीनं नाही, टेपनं*

टाय रॉडची लांबी बदलली की चाकांचा पुढचा-मागचा अंतर बदलतो. गाडी जमिनीवर ठेवून थोडी पुढे ढकला म्हणजे चाकं मोकळी बसतील. दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला, त्याच उंचीवर आणा आणि परत मोजा. खुणा त्याच असल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी चूक होत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. किती, तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तो काही मिलिमीटरचाच असतो. कमी-जास्त करायला दोन्ही क्लॅम्प सैल करून पाइप फिरवा, एकीकडे सरळ आणि दुसरीकडे उलटे आटे असल्यामुळे दांडी लांब-आखूड होते.

ही मोजणी गॅरेजपर्यंत गाडी नीट न्यायला पुरेशी आहे. तिथं अलाइनमेंट करूनच घ्या. टो बिघडलेला असेल तर टायर सांगतो. टायरवरून हात आत-बाहेर फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखा लागला तर टो चुकलाय. नव्या टायरची जोडी एका हंगामात अशी खाल्ली जाते.

काम झाल्यावर आधी रिकामी गाडी आवारात, मग गावाच्या रस्त्यावर सावकाश. साधारण १०० किलोमीटर झाले की परत खाली बघा, नट आणि पिना जागेवर आहेत का. त्याआधी माल भरायचा नाही.

*पुन्हा झिजू नये म्हणून*

पावसाळ्यात महिन्यातून एकदा ग्रीस, एरवी दोन महिन्यांतून. गाडी धुताना प्रेशर पंपाची धार थेट रबरी टोप्यांवर मारू नका, पाणी आत घुसतं. धुतली की त्याच दिवशी ग्रीस गन फिरवा, आत गेलेलं पाणी बाहेर येईल. खताच्या गोण्या वाहून आणल्या तर गाडी धुवाच. सांडलेलं खत ओल धरतं आणि लोखंड खातं, ते फक्त जमिनीसाठी चांगलं.

माल भरतानाही एक चूक सर्रास होते. गोण्या मागच्या फाळक्याकडे जास्त रचतात, उतरवायला सोपं म्हणून. मागच्या एक्सलच्या मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि चांगलं स्टिअरिंगसुद्धा ढिलं वाटतं. जड थर केबिनच्या बाजूला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एवढंच: सांधे तपासायची रीत हीच. पण ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या पिनेवर झुलतो. पुढून उचलताना एक्सल आणि वरच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोका, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूला कलंडतो.

शंका असेल तर या नंबरवर सांध्याचा व्हिडिओ पाठवा. वर कुणीतरी स्टिअरिंग हलवत असताना, सांधा पुसून, टॉर्चच्या उजेडात, हात न हलवता दहा सेकंद. गाडी पूर्ण दिसणारे फोटो येतात, त्यातून काही कळत नाही. व्हिडिओ मिस्त्रींना दाखवून संध्याकाळी उत्तर देतो. आणि ज्यांच्या टोप्या फाटल्यात त्यांनी जॉइंट कोणता, डावा की उजवा, गाडी कोणत्या सालातली, एवढं लिहून पाठवा. पाच-सहा जणांची मागणी जमली तर जॉइंट आणि पिना एकत्र मागवू, दरात फरक पडेल.